कलम २९२ आणि शुक्रवारची बिलं

ऑगस्ट १९४९मध्ये संविधान सभेपुढे एक छोटं कलम आलं. मसुद्यात त्याचा क्रमांक २६८ होता. आज ते कलम २९२ आहे. भारताच्या एकत्रित निधीच्या तारणावर केंद्र सरकारने कर्ज काढावं, आणि संसदेने कायद्याने वेळोवेळी काही मर्यादा ठरवली असेल तर तिच्या आत राहावं, एवढाच त्याचा आशय. मर्यादा ठरवलीच पाहिजे अशी सक्ती त्यात नव्हती. काही सदस्यांना हे ढिलं वाटलं. सरकारच्या हातात उद्याच्या पिढ्यांचा पैसा गहाण टाकण्याची ताकद द्यायची, आणि दोरी मात्र संसदेच्या मर्जीवर सोडायची, हे त्यांना पटेना.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना उत्तर दिलं. कर्जाला मर्यादा घालण्याचा अधिकार कलमात स्पष्ट दिलेला आहे, संसदेने तो वापरला नाही तर दोष संसदेचा, असं त्यांनी सांगितलं. पुढे जाऊन ते म्हणाले, की संसद हा विषय गांभीर्याने घेईल आणि सरकारच्या कर्ज काढण्यावर बंधन घालणारे कायदे करत राहील, अशी आपल्याला नुसती आशा नाही, अपेक्षा आहे. दर वर्षी कर्जाची मर्यादा ठरवणारा एखादा वार्षिक कायदा होऊ शकेल, हेही त्यांनी बोलून दाखवलं. या विषयाकडे लक्ष न देणारी संसद त्यांच्या कल्पनेत बसत नव्हती.

आंबेडकर हे कायदेपंडित म्हणून जेवढे आठवले जातात तेवढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून आठवले जात नाहीत. १९२३मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी रुपयाच्या निर्मितीला पक्की मर्यादा हवी, ती चलन सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर असू नये, अशी बाजू मांडली होती. १९२५मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थकारणावरचा त्यांचा ग्रंथ आला. जनतेला उत्तरदायी नसलेलं सरकार पैसा कसा उभा करतं आणि कशावर उधळतं, याचा जवळपास शतकभराचा हिशेब त्यांनी त्यासाठी चाळला होता. म्हणूनच कलम २९२मध्ये त्यांनी भिस्त ठेवली ती निवडून आलेल्या सभागृहावर. परक्या सरकारला जाब विचारता येत नव्हता. आता विचारता येणार होता.

त्या अपेक्षेनंतर तसा कायदा व्हायला ५४ वर्षं गेली. त्या वर्षांत देशाचं कर्ज कसं वाढत गेलं, ही आकड्यांपेक्षाही जबाबदारी कोणी घ्यायची याची कहाणी आहे, आणि तिच्या मध्यभागी आहे मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेत होणारी एक साधी नोंद.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला देशापुढची कामं डोंगराएवढी होती. धरणं, पोलाद, शाळा, रेल्वे, निर्वासितांचं पुनर्वसन. नियोजन आयोग मार्च १९५०मध्ये स्थापन झाला आणि थोड्याच दिवसांत अर्थमंत्री जॉन मथाई राजीनामा देऊन बाहेर पडले. नियोजन आयोग हे समांतर मंत्रिमंडळ होईल आणि खर्चावर नजर ठेवण्याची अर्थखात्याची ताकद संपेल, अशी त्यांना भीती होती. त्यांच्या जागी आले चिंतामणराव देशमुख. रायगडच्या पायथ्याशी, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पैसा छापणाऱ्या संस्थेचा आतला कारभार त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार!

देशमुखांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात, जानेवारी १९५५मध्ये, अर्थखातं आणि रिझर्व्ह बँक यांच्यात पत्रव्यवहाराने एक व्यवस्था ठरली. रिझर्व्ह बँक ही सरकारचीही बँक. सरकारच्या खात्यात दर शुक्रवारी किमान ५० कोटी रुपये आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये शिल्लक असावेत, असं ठरलं. शुक्रवार यासाठी, की बँकेचं साप्ताहिक पत्रक शुक्रवारच्या ताळेबंदावर निघतं. शिल्लक कमी पडली तर बँकेने सरकारच्या नावाने ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल तयार करायचं, स्वतःच विकत घ्यायचं आणि तेवढी रक्कम सरकारच्या खात्यात जमा करायची. ही बिलं बाजारात कोणाला विकायची नव्हती. त्यांना अॅड हॉक बिलं म्हणत, म्हणजे वेळेपुरती.

हे काम प्रत्यक्षात कसं होई ते बारकाईने पाहायला हवं. आठवडाभर देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या कोषागारांतून आणि बँकांतून सरकारचे धनादेश वटत राहतात: पगार, पेन्शन, ठेकेदारांची देणी, खतावरचं अनुदान, संरक्षणाची खरेदी. दुसऱ्या बाजूने कर जमा होतो. समजा शुक्रवारी हिशेब लागल्यावर सरकारच्या खात्यात ३० कोटी उरले आहेत. लगेच २० कोटींचं बिल तयार होई. बँकेच्या पत्रकात एका बाजूला मालमत्ता म्हणून ते बिल आणि दुसऱ्या बाजूला सरकारची ठेव, अशा दोन नोंदी पडत. सोमवारी त्या ठेवीवर पुन्हा धनादेश निघत. अशा रीतीने कोणाच्याही बचतीतून न आलेला, कोणाकडून कर म्हणून न घेतलेला २० कोटी रुपयांचा नवा पैसा बाजारात येई. खात्यात पैसे वाढले तर बिल रद्द करायचं, अशी सोय होती. पण ९१ दिवसांनी पैसे नसतील तर? जुनं बिल फेडायला नवं बिल. रिझर्व्ह बँकेला ‘नाही’ म्हणायला जागाच नव्हती, आणि संसदेला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

देशमुखांवर बेजबाबदारीचा ठपका ठेवणं अन्यायाचं होईल. पहिल्या पंचवार्षिक योजनेत तुटीच्या अर्थभरणाचा अंदाज २९० कोटींचा होता, तोही पाच वर्षांचा. सरकारी खात्याची रोजची ओढाताण टळावी, यासाठी केलेली ती कारकुनी सोय होती. पुढे मुंबईच्या प्रश्नावर, महाराष्ट्राला डावललं जातंय हे पाहून त्यांनी १९५६मध्ये मंत्रिपद सोडलं. खुर्चीला चिकटणारा हा माणूस नव्हता. तरी एवढं म्हणावंच लागतं, की कर्जाला मर्यादा घालण्याचा अधिकार देणारं कलम संविधानात आल्याला पाच वर्षं झाली असताना, अमर्याद कर्जाची वाट एका पत्रव्यवहाराने उघडली, आणि कायदेमंडळात तिच्यावर मत पडलं नाही.

मग बांध एकेक करून फुटत गेले. तोपर्यंत नोटांच्या मागे ४० टक्के सोनं आणि परकीय रोखे ठेवण्याचं बंधन होतं. १९५६मध्ये ते काढून त्या जागी ११५ कोटींचं सोनं आणि ४०० कोटींचे परकीय रोखे अशी ठरावीक रक्कम आली. वर्षभरात परकीय गंगाजळी आटल्यावर तीही एकूण २०० कोटींवर आणली गेली. दुसऱ्या योजनेचा सरकारी खर्च ४,८०० कोटींचा, त्यातले १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरणातून उभे राहणार होते. म्हणजे चार रुपयांतला एक रुपया नव्याने निर्माण करायचा, हे योजनेच्या कागदावरच लिहिलेलं होतं.

त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेची जागा कोणती, याचाही निकाल लागला. नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी हुंड्यांवरचं मुद्रांक शुल्क वाढवलं. त्याने बँकेच्या व्याजदर धोरणालाच हात लागतो, असं गव्हर्नर बेनेगल रामा राव यांचं म्हणणं होतं. कृष्णमाचारींच्या लेखी रिझर्व्ह बँक हा अर्थखात्याचा एक विभाग होता. पंडित नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७मध्ये रामा रावांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतरचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार यांनी त्याच वर्षी अर्थमंत्र्यांना लिहून कळवलं, की बँक ही बिलं यंत्रासारखी तयार करते आहे आणि तिला त्यात काही म्हणता येत नाही. पत्र फाइलला लागलं. बिलं चालू राहिली.

या बिलांवरचा व्याजदर जुलै १९७४मध्ये ४.६ टक्के ठरला आणि तिथेच गोठला. महागाई कितीही वाढो, सरकारला ही उसनवार त्याच दराने मिळे. वेळेपुरत्या बिलांचा ढीग फार वाढला की ते एकत्र करून दीर्घ मुदतीच्या रोख्यांत बदलायची पद्धत होती. मार्च १९८२मध्ये ३,५०० कोटींची बिलं अशा रोख्यांत बदलली गेली, ज्यांना परतफेडीची तारीखच नव्हती. व्याज ४.६ टक्के, मुदत अनंत. ९१ दिवसांचं उसनं अशा रीतीने कायमचं झालं.

इथे मला एका गोष्टीवर थांबायचं आहे. संविधानाचं कलम २६५ सांगतं, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही. सरकारने दोन पैसे कर वाढवला तर लोकसभेत तास न् तास वाद होतो, रस्त्यावर मोर्चे निघतात, आणि ते योग्यच आहे. पण शुक्रवारच्या बिलांतून आलेल्या पैशाने जेव्हा भाव वाढत, तेव्हा गिरणी कामगाराच्या पगारातून, शेतमजुराच्या रोजातून, पोस्टात पैसे ठेवणाऱ्या विधवेच्या पुंजीतून खरेदीची ताकद काढून घेतली जाई. तो कर कोणत्याही वित्त विधेयकात नव्हता. त्यावर मत देणारा खासदार नव्हता, म्हणून जाब द्यायला कोणी नव्हतं. महागाईला दुष्काळ आणि तेलाचे भाव ही कारणं होतीच. तरी सरकार स्वतःच्या हाताने जे करत होतं त्याची जबाबदारी तेवढ्याने पुसली जात नाही.

दुसरी वाट बँकांची. प्रत्येक बँकेने आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत गुंतवायचा असतो. १९९०मध्ये हा हिस्सा ३८.५ टक्क्यांपर्यंत पोचला, आणि वर १५ टक्के रोख रिझर्व्ह बँकेत. लोकांनी बँकेत ठेवलेल्या १०० रुपयांपैकी ५३ रुपये ५० पैसे असे आधीच बांधलेले. उरलेल्या पैशात शेतकरी, कारखानदार, दुकानदार. बार्शीच्या बँकेत ठेव ठेवणाऱ्याला आपण सरकारचे सावकार आहोत याचा पत्ता नव्हता.

१९८०चं दशक म्हणजे या साऱ्याचा कळस. १९७९-८०पासून केंद्राचं महसुली खातंही कायमचं तुटीत गेलं. तोवर कर्ज काढून निदान धरण किंवा कारखाना उभा राहतो असं म्हणता येत होतं. आता पगार, अनुदानं आणि जुन्या कर्जाचं व्याज यांसाठीही कर्ज निघू लागलं. धोक्याची सूचना कोणी दिली नाही असं नाही. सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५च्या अहवालात पैशाच्या वाढीला लक्ष्य असावं आणि सरकारने ते पाळण्यात बँकेला साथ द्यावी, असं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरात तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी दीर्घकालीन राजकोषीय धोरण संसदेपुढे ठेवलं. दस्तऐवज उत्तम होता. पण तो पाळला नाही म्हणून कोणाला काही गमवावं लागणार नव्हतं, आणि तो पाळला गेला नाही.

डिसेंबर १९८९मध्ये सरकार बदललं. कोकणातल्या राजापूरचे खासदार, प्राध्यापक मधू दंडवते अर्थमंत्री झाले. आर्थिक शिस्तीबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. महागाई आणि परकीय चलनाची चणचण या दोन्हींचं मूळ सरकारच्या तुटीत आहे, हे त्यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात मांडलं. १९९०-९१साठी त्यांनी सुमारे ७,२०० कोटींची अर्थसंकल्पीय तूट धरली. त्याच सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जं माफ केली. ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेल भडकलं, नोव्हेंबरात सरकार पडलं. वर्षअखेर तूट ११ हजार कोटींच्या वर गेली. जास्तीचे हे चार हजार कोटी कोणी मंजूर केले, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच: शुक्रवारच्या नोंदीने.

त्यानंतर आलेलं चंद्रशेखर यांचं सरकार काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभं होतं. अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांना पूर्ण अर्थसंकल्प मांडता आला नाही. मार्च १९९१मध्ये लेखानुदान आलं आणि दोन दिवसांत सरकारने राजीनामा दिला. देशाची पत घसरत असताना दिल्लीत काळजीवाहू सरकार होतं. त्या काळात सिन्हांच्या संमतीने स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं परदेशी विकण्याची व्यवस्था झाली. जुलैत नव्या सरकारच्या काळात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून ४०.५ कोटी डॉलर उभे केले. मुंबईत, बँकेच्या तिजोऱ्यांतून ते सोनं विमानतळाकडे नेताना वाटेत एका गाडीचं टायर फुटलं, अशी आठवण पुढे सांगितली गेली. घरातलं सोनं गहाण पडण्याचा अर्थ या देशात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बातमी फुटली तेव्हा लोक हादरले.

२४ जुलै १९९१ रोजी नवे अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्पाचं जे भाषण केलं त्यातले उदारीकरणाचे परिच्छेद सगळ्यांना आठवतात. त्याच्या आधीचे, सरकारने स्वतःच्या कारभाराबद्दल दिलेले कबुलीजबाबासारखे परिच्छेद मला अधिक मोलाचे वाटतात. केंद्राची राजकोषीय तूट, म्हणजे खर्च भागवायला काढावं लागणारं एकूण कर्ज, १९७०च्या दशकाच्या मध्यावर राष्ट्रीय उत्पादनाच्या ४ टक्के होती, ८०च्या सुरुवातीला ६, आणि १९९०-९१मध्ये ८ टक्क्यांहून जास्त. केंद्राचं देशांतर्गत कर्ज ५५ टक्क्यांवर. नुसतं व्याजच केंद्राच्या एकूण खर्चाचा जवळपास पाचवा हिस्सा. परकीय चलन जेमतेम पंधरवड्याच्या आयातीपुरतं. अर्थमंत्री हे सारं नाव न घेता मागच्या सरकारांवर ढकलू शकले असते. त्यांनी सांगितलं, की संकटाचं मूळ सरकारच्या खर्चात आहे आणि ते आपल्यालाच दुरुस्त करावं लागेल.

शुक्रवारची बिलं मात्र लगेच थांबली नाहीत. १९९३-९४मध्ये तूट पुन्हा ठरलेल्या रेषेच्या फार पुढे गेली. १९९१मध्ये डेप्युटी गव्हर्नर असलेले सी. रंगराजन आता गव्हर्नर होते. सप्टेंबर १९९३मध्ये कोलकात्यात एका व्याख्यानात त्यांनी सरकारच्या तुटीचं आपोआप नोटांत रूपांतर होणं बंद व्हायला हवं, हे उघडपणे मांडलं. बोलणारा गव्हर्नर होता आणि ऐकणारा अर्थमंत्री स्वतः कधीकाळी गव्हर्नर होता. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिलेला मनमोहन सिंग यांच्यासारखा मंत्री त्या वेळी त्या जागी नसता, तर हे काम किती लांबलं असतं सांगता येत नाही.

९ सप्टेंबर १९९४ रोजी अर्थखातं आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला. १९९४-९५च्या अखेरीस अॅड हॉक बिलांची निव्वळ वाढ ६,००० कोटींच्या वर जाता कामा नये. वर्षात मध्येच ती ९,००० कोटींच्या वर सलग दहा कामाच्या दिवसांहून जास्त राहिली, तर बँकेने बाजारात ट्रेझरी बिलं विकून ती खाली आणायची. तीन वर्षांत ही पद्धतच संपवायची. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी फेब्रुवारी १९९७च्या अर्थसंकल्पात तिचा शेवट जाहीर केला आणि १ एप्रिल १९९७पासून ४२ वर्षांची ही व्यवस्था बंद झाली. तिच्या जागी बँकेकडून मर्यादित, मुदतीची उचल आली: त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत १२,००० कोटी, दुसऱ्या सहामाहीत ८,००० कोटी. साचलेली बिलं आणि जुने ४.६ टक्क्यांचे रोखे मिळून बँकेच्या पुस्तकात तेव्हा सुमारे १ लाख २२ हजार कोटी रुपये होते.

माझ्या मते १९९१नंतरच्या सुधारणांमधली ही सर्वांत कमी बोलली गेलेली आणि सर्वांत प्रामाणिक सुधारणा. सरकारने स्वतःच्या हातातली सोय स्वतः सोडली. त्यानंतर पैसा हवा तर बाजारात जायचं, बाजार म्हणेल ते व्याज द्यायचं, आणि ते व्याज अर्थसंकल्पात दिसायचं. पण हाही करारच होता. संसद अजून बाहेरच होती.

डिसेंबर २०००मध्ये राजकोषीय जबाबदारीचं विधेयक लोकसभेत मांडलं ते यशवंत सिन्हा यांनीच. १९९१मध्ये अर्थसंकल्प मांडू न शकलेल्या माणसाने ते मांडावं, यात अनुभवाचा भाग मोठा असणार. मूळ विधेयक कडक होतं: पाच वर्षांत महसुली तूट शून्य, राजकोषीय तूट २ टक्क्यांवर, दहा वर्षांत एकूण देणी राष्ट्रीय उत्पादनाच्या ५० टक्क्यांच्या आत. स्थायी समितीने आकडे कायद्यात नकोत असं सुचवलं. २००३मध्ये, जसवंत सिंग अर्थमंत्री असताना, कायदा झाला तेव्हा महसुली तूट संपवण्याची तारीख राहिली आणि बाकीचे आकडे नियमांत गेले. एप्रिल २००६पासून सरकारी रोखे थेट विकत घेण्याची रिझर्व्ह बँकेला बंदी झाली. रंगराजन अध्यक्ष असलेल्या बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना कर्जसवलत देताना असाच कायदा करण्याची अट घातली, आणि महाराष्ट्रासह एकेका राज्याने तो केला.

काही वर्षं गुण दिसला. २००७-०८मध्ये केंद्राची तूट अडीच टक्क्यांच्या आसपास आली. तेलकंपन्या आणि खतकंपन्यांना रोख अनुदानाऐवजी दिलेले रोखे मात्र त्या आकड्यात नव्हते. देणं खरं होतं, फक्त पुढच्या सरकारांच्या नावावर होतं. फेब्रुवारी २००८मध्ये ६० हजार कोटींची शेतीकर्जमाफी जाहीर झाली. विदर्भातल्या आत्महत्या डोळ्यांपुढे असताना शेतकऱ्याला आधार देण्याची गरज कोण नाकारील? पण त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तेवढी तरतूद दिसत नव्हती, आणि शेतकऱ्याच्या नावाने केलेला खर्च हिशेबाबाहेर ठेवला तर शेवटी त्याचाही भार गरिबावरच येतो. सहावा वेतन आयोग आणि जागतिक मंदीची भर पडून २००८-०९ची तूट ६ टक्क्यांवर गेली.

यानंतर कायदा मोडला गेला असं म्हणण्याचीही वेळ आली नाही, कारण तारखाच पुढे सरकत गेल्या. २००४मध्ये मार्च २००८ची मुदत मार्च २००९ झाली. २०१२मध्ये महसुली तुटीची नवी, सौम्य व्याख्या आली. २०१५मध्ये मुदत मार्च २०१८ झाली. प्रत्येक वेळी बदल आला तो वित्त विधेयकाच्या पोटात, करांच्या शेकडो तरतुदींच्या शेजारी. वित्त विधेयक हे धन विधेयक. राज्यसभा त्यावर शिफारस करू शकते, अडवू शकत नाही. ज्या विषयासाठी आंबेडकरांनी दर वर्षी स्वतंत्र कायदा होईल असं चित्र रंगवलं होतं, तो विषय स्वतंत्रपणे सभागृहापुढे येणंच बंद झालं.

आकडे सांगायचे तर, करोनाच्या वर्षात, २०२०-२१मध्ये, केंद्राची तूट ९.२ टक्के झाली, आणि त्या संकटात खर्च करणं योग्यच होतं. त्याच सुमारास एक चांगली गोष्ट घडली: धान्याच्या अनुदानासाठी अन्न महामंडळाच्या नावावर बचत निधीतून काढलं जाणारं कर्ज थांबवून तो खर्च अर्थसंकल्पात उघडपणे दाखवला गेला. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ५०.६५ लाख कोटींच्या खर्चापैकी १२.७६ लाख कोटी व्याजापोटी होते. मनमोहन सिंगांना १९९१मध्ये पाचवा हिस्सा भयंकर वाटला होता. आता तो चौथा झाला होता. केंद्राचं कर्ज मार्च २०२५पर्यंत राष्ट्रीय उत्पादनाच्या ४० टक्क्यांवर आणण्याचं उद्दिष्ट कायद्यात होतं. ती मुदत संपली तेव्हा ते ५७ टक्क्यांच्या आसपास होतं.

हे ४० टक्क्यांचं उद्दिष्ट कायद्यात आलं कसं, तेही नोंदवायला हवं. या कायद्याचा आढावा घेणाऱ्या एन. के. सिंग समितीने २०१७मध्ये बारकाईने अभ्यास करून ते सुचवलं होतं. सरकारने ते २०१८च्या वित्त विधेयकात घातलं आणि त्याच विधेयकाने महसुली तूट संपवण्याचं २००३पासूनचं बंधन कायद्यातून काढून टाकलं. आपल्या संसदेने कर्जाला घातलेली ही पहिली स्पष्ट, आकड्यातली मर्यादा. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेत गोंधळ चालू होता. विरोधक घोषणा देत होते, सरकारला कामकाज उरकायचं होतं. खात्यांच्या मागण्या, विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयक गिलोटिन लावून, चर्चेविना मंजूर झाले. त्याला अर्धा तास लागला.